गवळदेवाची घाटी

गणपतीतला नवा नाच सोनू धुमकाने बसवला,
नाव ठेवलं घाटी.
आठ जण, उजव्या पायात चाळ,
मधे ढोलकीवाला, तोच गवळदेव.

सात ठेके सरळ, बंदरावरून वर.
आठव्याला पाऊल मागे,
तिथली जांभ्याची पायरी हलते.
मग दोघं दोघं कडेला,
समोरून द्रुपदी मासळीची पाटी घेऊन उतरते ना!
द्रुपदी जाऊन सहा वर्षं झाली.
वाट अजून देतो.

काजीखाली गिरकी.
का, ते सोनू सांगत नाही.
म्हणे साप निघाला होता.
बायका हसतात, साप कसला!

सड्यावर पोचलं की ढोलकी गप्प,
नुसते चाळ.
समोर मंडपातली सतरंजी,
पण आम्ही खाली खाडीच बघतो.

नातू विरारहून येतो, रिक्षा दारात सोडते.
दोन गणपती नाचला,
घाटी चढला नव्हता कधी.
काल सकाळी नेला.
ग्रामपंचायतीने पायरी सिमेंटात बसवलीय,
हत्ती नाचवा, हलायची नाही.
पोरगा मोबाईल बघत चढत होता
आणि आठव्याला
त्याचा पाय
मागे आला.