बारावा

बोरमवुडच्या त्या खोलीत हीटर बंद होता.
सकाळपासून अकरा जण गुरगुरून गेले,
एकाने तर गालावरचा व्रण घरूनच रंगवून आणलेला.

बारावा ट्रेहर्न. वेल्सचा.
जाहिरातीत पाव विकणारा चेहरा.
कागद वाचला, चष्मा पुसला, मला विचारलं,
"गाव जाळायच्या आधी हा जेवलेला असतो का?"
पटकथेत नव्हतं. मी म्हटलं, असावा.
"मग घाई नको,"
आणि तीच धमकी त्याने अशी दिली
जशी आजाऱ्याला पेज भरवावी,
फुंकर घालून.

तिसऱ्या भागात तो मेला
तेव्हा शेजारच्या खुर्चीतली बाई हुंदके देत होती.
पहिल्या भागात गाव जळालं, तेव्हा
कुणी रडलं नव्हतं.
मीही पॉपकॉर्नच शोधत होते पिशवीत.

यादीत त्याच्या नावापुढे खूण माझीच.
पेन्सिलीची. खोडता आली असती.

त्या संध्याकाळी निघताना त्याने
आमचे सगळ्यांचे कप विसळले,
ओळीने पालथे घातले,
आणि दाराशी, सवयीनेच बहुधा,
दिवा मालवला

आम्ही चौघं आत बसलेले असताना.