उपसा

चौलच्या आमच्या वाडीतली विहीर
यंदा मार्गशीर्षातच मचूळ झाली.
हशुराम उतरला, कमरेला दोर.
वर रहाटाला मी आणि त्याचा भाचा.

पहिल्या पाटीत झावळी, प्लास्टिकचा मग,
देवाची तसबीर: काच शाबूत, देव विरघळलेला.
मग भोकाचा पैसा.
मग नुसता गाळ, काळा, लोण्यासारखा,
आणि त्यात एका रांजणाची मान,
दोन कान, आतून डांबर माखल्यासारखं काही,
माती आमच्याकडची नव्हे.
आणि त्याच्याही खालून
माझी सातवीतली कंपासपेटी.

विहिरीला सनावळ्या पाठ नसतात.

आम्हाला होत्या. सातवाहन, शिलाहार, निजामशाही, फिरंगी,
प्रत्येकाचा उदय एका धड्यात,
ऱ्हासाची कारणे पाच गुणांना.
सोगमबाई म्हणायच्या, मुद्देसूद लिहा.
बंदर गाळाने भरलं, हे कारण
पुस्तकात कंसात होतं.

भिक्षू आले घाट उतरून, बैलांच्या तांड्यांमागून.
डोंगरात त्यांनी खोदलेल्या खोल्यांत
आता हिंगुळजा राहते.
शेंदूर लागला, घंटा लागली,
शेजारच्या खोलीतला दगडी ओटा मात्र
एका माणसाला कुशीवर झोपता येईल
एवढ्याच मापाचा.

नवगावला म्हणे गलबत फुटलं.
पोथ्या बुडाल्या.
पोहून आलेल्यांजवळ एक प्रार्थना तोंडपाठ
आणि शनिवार,
एवढंच कोरडं राहिलं.
त्यावर त्यांनी घाणे घातले, पिढ्या काढल्या,
शनिवारी बैल सोडला.
आमच्या शेजारचा इलियाझर
जाताना उखळ आजोबांना देऊन गेला.
त्यात कोंबड्या पाणी पितात.
शनिवारीसुद्धा.

हंगामाला मोसम म्हणायला ज्यांनी शिकवलं
त्यांच्या पहिल्या मशिदीची जागा
बंदरावर कुणालाही विचारा, दाखवतील.
प्रत्येक जण वेगळी.

फिरंग्याचा कोट वडाने धरलाय,
त्याची भाषा पलीकडे कोर्लईच्या रोझीनने.
ती मासळी घेऊन यायची, दारात टेकायची,
आणि पाण्याला आग की आगू असं काहीसं म्हणायची.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा
आई भरली घागर घेऊन धावत आली.
दोन्हींकडून बरोबरच होतं ते.

अलिबागला फोन केला, अशी अशी मान सापडली.
साहेब म्हणाले, नोंद ठेवा, माणूस पाठवतो.
माणूस यायचाय.
नोंद ठेवली, वाडीच्या वहीत,
नारळाच्या हिशेबाखाली:
रांजणाची मान, एक.
उपसा, मजुरी अडीच हजार.
दोर नवा. चहा, पाव.

तिसऱ्या दिवशी पाणी चढलं.
हशुरामने ओंजळ घेतली, गुळणी केली,
थुंकला, पुन्हा घेतली,
या वेळी गिळली.
‘गोरां हाय,’ म्हणाला.

कठडा त्यानेच बांधला.
मी सांगत होतो त्याला,
घाटातल्या लेण्यांत पाण्याच्या टाक्यावर नाव असतं:
अमक्याचं दान, तमक्या गावचा,
कुणी लोहार, कुणी माळी, एखादी बाई.
‘आन खनली कुनी?’
ते नसतं, म्हटलं.

तो थापी धूत राहिला.
मग भाच्याकडून खिळा मागून घेतला
आणि ओल्या सिमेंटवर वाकून,
जीभ दाताखाली धरून,
बराच वेळ लिहीत बसला.
हशुरम.

काना राहिला, मी म्हटलं.
त्याने बोट लावून पाहिलं.
‘सुकलां आता.’