निरंक

पहिली लाट आली तेव्हा मी बारा वर्षांची.
बाप जर्मनाच्या शेतावर कुंपणं ओढायचा.
एका सकाळी कुडू,
शिंगांना अडीच पीळ पडलेला नर,
स्वयंपाकघरात आला
आणि चुलीशी उभा राहिला, पाहुण्यासारखा.
आई म्हणाली, किती माणसाळलाय!
बापानं तिला दंडाला धरून बाहेर ओढलं.
हनुवटीवरून लाळेची तार लोंबत होती,
थेट सारवलेल्या जमिनीपर्यंत.

कोल्हा पिसाळला तर चावतो.
कुडू नाही चावत.
एकच बाभूळ दहाजण ओरबाडतात,
काट्यांनी ओठ फाटतात,
मग सावलीत एकमेकांची तोंडं चाटतात.
डॉक्टर ल्यूडर्स म्हणायचे, एवढं पुरतं.
पुढे ओमारुरूच्या दवाखान्यात कारकून झाले
तेव्हा तो अहवाल मीच टाइप केला.
'प्रसाराचा मार्ग' या रकान्याशी थांबले.
माया, असं लिहिलं असतं
तर विंडहुकहून कागद परत आला असता.
लिहिलं: लाळ.

त्यानंतर कितीतरी वर्षं
महिन्याला एक ओळ: निरंक.
निरंक. निरंक.
पाऊस बरे झाले, बाभळी फुटल्या,
कळप दाटले,
शिकारी पाहुणे विमानानं येऊ लागले,
आणि साहेब म्हणाले, गेला तो रोग.
मी भिंतीवरचा नकाशा काढला नाही.
टाचण्यांची भोकं होती त्यात;
मागे दिवा धरला की
उत्तरेकडे सरकत गेलेली वाट दिसायची.

दोन हजार दोनला टाचण्या परत बसल्या.
नवी भोकं फारशी पाडावी लागली नाहीत.

त्या साली व्हेतारूहेनं,
घशात काटा अडकला असेल म्हणून,
एका मादीच्या जबड्यात हात घातला
कोपरापर्यंत.
इंजेक्शनं वेळेत मिळाली. जगला.
अजून पाण्याचा पेला उचलताना
क्षणभर थांबतो,
आणि आम्ही सगळे दुसरीकडे बघतो.

माझ्या खुर्चीत आता कापुइरे बसतो.
परवा विचारत होता, जुन्या वह्या
बांधून माळ्यावर टाकू का?
त्याचं अक्षर चांगलंय. 'निरंक' तर फारच सुंदर काढतो.

यंदा नदीला दोनदा पाणी आलं.
काल संध्याकाळी कुंपणापलीकडे सतरा मोजले,
सवय, दुसरं काय.
एक मादी पिलाचं कपाळ चाटत होती,
सावकाश, कान धरून मग डोळ्यांपर्यंत.
अंधार होईस्तोवर बघत राहिले.
वही जवळ नव्हती.