दार जरा उचलून

अकरा वर्षं देव माझ्याशी
नगरी हेल काढून बोलत होता.
"तसं नसतं, बरं का, एस्तेरबाई,"
शांतवन पाळक म्हणायचे, चष्मा कपाळावर सारून,
आणि रात्री मांगोर हिलच्या खोलीत
मी डोळे मिटले की
उत्तर त्याच आवाजात यायचं.
तो आवाज त्याचाच, असं मी धरून चालले होते.

मे महिन्यात बदलीचं पत्र आलं.
टेम्पोत चढली पुस्तकांची खोकी,
शिलाई मशीन, दोन गाद्या.
कढीपत्त्याची कुंडी पाळकीणबाईंनी मांडीवर घेतली.
मंडळीनं शाल दिली. वास्कोच्या उकाड्यात शाल!
त्यांनी ती पांघरली
आणि टेम्पो वळणाआड जाईपर्यंत काढली नाही.

किल्ली माझ्याकडे राहिली.
शनिवारी बाकं पुसणं माझंच, आधीपासून.
बंदरावरून कोळशाची भुकटी येते,
बंद खिडक्यांतूनसुद्धा.
फडकं काळं, बादली काळी, नखं काळी.
पुसता पुसता मी त्याला विचारलं,
तुझीही झाली का रे बदली?
कुठं रुजू झालास?

खालून मासळीवाली ओरडत गेली,
बांगडे, तारले.
दुसरं कुणी काही बोललं नाही.

पाच रविवार व्यासपीठ रिकामं.
कस्टममधल्या ओहोळांनी संदेश वाचला,
एकेक वचन तपासून, उतरलेल्या मालाची यादी वाचावी तसा.
आता आमेनऐवजी मंजूर म्हणतात की काय
असं वाटून मला हसू आलं.
मग हसले म्हणून लाज.
रणपिसे कुटुंब दिसेना.
चिखलीला जातात म्हणे, तिथं मोठा पडदा आहे,
गार हवा सोडतात.

एका रात्री उठून बसले.
यजमान खोकत होते त्या वर्षी
पाळक ज्या खुर्चीवर येऊन बसायचे
ती तिथंच होती, भिंतीला टेकून.
मी काही मागितलं नाही,
मागायचे शब्दच आठवेनात.
किती वेळ गेला कोण जाणे.
मग लक्षात आलं, ऐकलं जातंय.
नगरी नाही, कुठलीच बोली नाही.
लहानपणी आई चुलीपुढं पाठमोरी असायची,
तरी तिला कळायचं
मी उंबऱ्यावर येऊन उभी आहे ते,
तसं.

जुलैत जोएल पाळक आले. सोलापूरचे.
वय एकोणतीस, मोटारसायकलला गिटार बांधलेली.
पहिल्याच रविवारी दाराशी झटापट.
"काय की ओ मावशी, उघडंना हे!"
खाऱ्या हवेनं दार फुगलंय,
किल्ली फिरते आणि दार हलत नाही.
शांतवन पाळक खांदा लावायचे.
माझ्या खांद्यात तेवढा जोर नाही,
मी माझी रीत शोधली होती त्या पाच आठवड्यांत:
दार जरा वर उचलायचं, मग आत.
त्यांना दाखवलं.
दोनदा चुकले. तिसऱ्यांदा आम्ही दोघंही
जवळजवळ आत पडलो.

संदेश फार भरभर दिला.
प्रभुभोजनाच्या वेळी
सालोमीबाईंना गुडघे टेकता येत नाहीत, हे त्यांना ठाऊक नव्हतं.
त्या बाकावरच राहिल्या, हात पुढं करून.
मी झग्याची बाही ओढली.
कानापर्यंत लाल झाले,
भाकरीचं ताट घेऊन खाली उतरले,
तिच्यापुढं स्वतःच गुडघ्यावर बसले.
उठले तेव्हा पांढऱ्या झग्यावर
कोळशाचे दोन गोल.

शिकतील.
किंवा शिकेपर्यंत त्यांचंही पत्र येईल.
माझी माया अजून त्या टेम्पोतच आहे अर्धी,
हे मी लपवत नाही, त्याच्यापासून तर नाहीच.

त्या रात्री खुर्ची भिंतीपासून जरा पुढं ओढली,
डोळे मिटले.
कुठल्या हेलात बोलायचं
ते त्याला सांगितलं नाही.