रकाना चौदा

‘एखाद्या विषयात गुण कमी असल्यास
कारण द्या. मर्यादा अडीचशे शब्द.’

गणित सत्त्याण्णव, भौतिक अठ्ठ्याऐंशी,
रसायन अठ्ठावन्न.
मार्कशीटवरचा तो पाच
पोट पुढे काढून उभा,
जसं काही त्याचं चुकलंच नाही.
तिकडे तीस जागा, नऊ हजार अर्ज.

दांडिया बाजारात आमच्या घरी
सगळ्यांकडे कारणं तयार आहेत.
निलूआत्या म्हणते, अप्पा गेले ते लिही की.
गेले. पण ते ऑक्टोबरात,
आणि घरात माणसं येत-जात होती त्या तेरा दिवसांत
मी जिन्याखाली बसून अख्खं कॅल्क्युलस उरकलं.
अप्पांना आता परत साक्षीला कशाला उठवायचं?
आई म्हणते, ताप लिही.
डॉक्टर वाकणकर सर्टिफिकेट देतील,
कुठला ताप हवा तेवढं सांग.
हेत्वी म्हणते, लख ने, पेपर अघरो हतो.
पेपर सोपा होता, हेत्वी.
तुला ब्याण्णव आहेत.

भूपेंद्रभाई झेरॉक्सवाले विचारतात, डार्क काढू?
मी म्हणते, फिकीच काढा,
जमलं तर एका ओळीपुरती.

तर खरं कारण असं, आदरणीय प्रवेश समिती,
की रसायनाचा क्लास सव्वाआठला असायचा
आणि नोव्हेंबरात काळ्या घोड्याच्या पुलाखाली
विश्वामित्रीच्या गाळावर मगर उन्हाला यायची
साडेआठच्या सुमारास.
पहिल्या दिवशी सायकलची चेन पडली म्हणून थांबले.
दुसऱ्या दिवशी चेन ठीक होती.

पी-ब्लॉकच्या वहीत मागच्या पानापासून लिहीत गेले:
वेळ. तापमान. कितव्या मिनिटाला तोंड उघडलं,
किती वेळ उघडं ठेवलं.
दाणे-चणेवाला विचारायचा, पगार मिळतो का?
थंडी वाढली की ती उशिरा येते
हे कुणीही सांगेल, तोसुद्धा.
पण किती थंडीला किती उशीर,
हे जानेवारीत मला दिसायला लागलं.
आलेखावर ठिपके येऊन बसले
पंगतीत बसतात तसे, जरा पुढे-मागे.
तीन मात्र भलतीकडेच.
त्या तीन दिवसांचं मला अजून कळलेलं नाही.
पुढच्या पानांवरून आलेला पी-ब्लॉक
आणि मागून आलेली मगर
वहीच्या मध्ये कुठेतरी भेटले,
आणि पी-ब्लॉक तिथेच संपला.
ठिपक्यांचं हे तुमच्याकडे शिकवतात असं वाचलं.
म्हणून यायचं आहे.
कुणी मेलं नव्हतं. मी आजारी नव्हते.

शब्द झाले दोनशे सत्तर.
‘आदरणीय’ काढलं. दाणे-चणेवाला काढला,
तो निघताना जरा वाईट वाटलं.
चेन राहू दिली.

बाबांना वाचून दाखवलं.
ते बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले.
क्लासची फी, म्हणाले, अठ्ठावीस हजार.
आणि तू रोज पुलावर?
रोज नाही. त्रेसष्ट दिवस.
आई स्वयंपाकघरातून म्हणाली,
मी म्हणत होते, ताप लिही.

मग जेवताना, भातावर वरण घेता घेता,
माझ्याकडे न बघता बाबांनी विचारलं,
त्या तीन दिवशी झालं काय होतं?

अर्ज गेला रात्री अकरा बावन्नला.
पंधराशे रुपये कापले गेले, पावती आली नाही,
स्क्रीनवरचं चक्र फिरत राहिलं,
आणि आम्ही दोघं त्याच्याकडे बघत.

शनिवारी बाबांनी स्कूटर
पुलावर आपणहून थांबवली.
जूनमध्ये ती नाही दिसत, मी म्हटलं.
तरी कठड्याला टेकून उभे राहिले.
मागून हॉर्न, खालून गाळाचा वास,
पाण्यात एक प्लास्टिकचा ड्रम, त्याने दोनदा फसवलं.
मग घड्याळ बघून म्हणाले,
लिही.
आठ चाळीस. नाही.