टाकी

सायव्वा धोत्रे आली तेव्हा मी पडवीत
सातवीच्या पोरांसाठी तक्ता चिकटवत होतो.
मिसर देशातल्या एका थडग्याची आतली भिंत,
चुनखडीवर उठावाचं काम,
साडेचार हजार वर्षांपूर्वीचं.
बोटांना खळ. पाटा उन्हात आडवा.

तिनं तो पाण्यानं पुसला, तळव्यानं चाचपला,
म्हणाली, पार गुळगुळीत झालाय,
मिरची घसरत आसंल ह्याच्यावरनं.
मग टाकी. टक् टक् टक्.
काळ्या दगडाची पांढरी भुकटी तिच्या पापण्यांवर.

तेरच्या पांढरीत नांगर फिरला की मणी वर येतात.
म्हातारे सांगतात, इथून बैलगाड्या जायच्या बंदरापर्यंत,
आणि तिथून जहाजं, तिकडं,
ह्या भिंतीच्या देशाकडं.
खरं-खोटं तेरणेला ठाऊक.

मधेच तिचा हात थांबला. तक्त्याकडं बघितलं,
दुसऱ्याच्या रानातली पेरणी
बांधावर उभं राहून बघतात तसं.
डावरा व्हता ह्यो.
कोण?
टाकी मारनारा. घाव बगा की कुनीकडनं उतरलाय.
आन् दिवा ह्या अंगाला ठिवलेला.
अंधारातलं काम हाय समदं.

मी पुस्तकातलं सांगितलं:
मेलेल्याला उपास घडू नये
म्हणून भिंतीवर भाकरी, बदकं, बैल.
सणावाराला कुणी दिवा घेऊन यायचं.
पुढं तेही बंद. दारात वाळू.

मग ह्यो येवढा थोराड कामून?
मधला माणूस, बाकीच्यांच्या तिप्पट.
मालक तो. थडगं त्याचंच.
पैका त्येनं दिला आसंल, म्हणाली,
आणि नजर त्याच्यावरून उतरून
खालच्या ओळीत गेली.

तिथं गाय. धार काढणारा वाकलेला.
गायीच्या पुढच्या पायाला बांधलेलं वासरू,
दावं ताणलेलं, मान वळवून आईच्या कासेकडं.
सायव्वानं तिथं बोट ठेवलं.
ह्ये मालकानं सांगितलेलं न्हाई, म्हणाली.

नाव लिवलंय?
मालकाचं आहे. सात ठिकाणी.
टाकीवाल्याचं?
घुबड, डोळा, पाण्याची नागमोडी रेघ,
मला त्यातलं एक अक्षर लागत नाही,
तरी वरपासून खालपर्यंत बघितलं.
नाही, म्हणालो.

ती परत पाट्यावर वाकली.
आमचं तर वरीसभर बी टिकत न्हाई, गुरजी.
लोकं खाऊन टाकत्यात.
आणि हसली, एवढी, की टाकी चुकली,
कोपऱ्यात एक घाव जास्तीचा पडला.
ऱ्हाऊ द्या, म्हणाली, तितं वरवंटा जात न्हाई.

साठ रुपये, कपभर चहा.
उठताना बजावून गेली:
पयलं वाटन टाकून द्या. दुसरं बी.
तक्त्यावर वासरापाशी
तिच्या बोटाचा पांढरा ठसा.
पुसायला फडकं घेतलं
आणि त्याच फडक्यानं हात पुसले.

रात्री ज्वारीची भाकरी, तिसऱ्या वाटणाचा ठेचा.
दुसऱ्या घासाला दाताखाली कचकन आलं.
थुंका की, ही म्हणाली.
मी जिभेनं तो कण
शोधत बसलो.