चाचणी

साखर पेठेत दुपारी तीनला वीज आली
की मागल्या गल्लीतले माग एकदम बोलू लागतात.
मी लॅपटॉप उघडते.
एक ओळ टाइप करते, आणि चार कंटेनर
एकामागून एक उठतात:
एकात गॅलरी, एकात नोंदवही,
एक चेहरे ओळखणारा,
चौथा नेमकं काय करतो मला अजून कळलेलं नाही,
पण तो नसला की बाकीचे रुसतात.

आई म्हणते, डबेच की मग.
तिच्या फळीवरही चार आहेत,
शेंगाचटणीच्या डब्यावर "चहा" लिहिलेलं.

पप्पांचा स्टुडिओ गेल्या दिवाळीत बंद झाला.
उरली एक हार्ड डिस्क, मोज्यात गुंडाळलेली,
एकवीस वर्षांची लग्नं तिच्यात.
सगळी एकदम नाही टाकायची, मी म्हटलं,
आधी चाचणी. माझ्याच मशीनवर,
बाहेर कुणाला दिसणार नाही.
पप्पा विणकराच्या घरातले, त्यांना लगेच पटलं:
"वीतभर नमुना विणायचा. बिघडला तर उसवायचा."

तीनशे फोटोंच्या प्रती.
पंखा घरघरतो, लॅपटॉप मांडीला चटका देतो,
बाहेर त्रेचाळीस.
पडद्यावर गोल गोल चेहरे येतात,
प्रत्येकाखाली एकच प्रश्न: हे कोण?

मुंडावळ्यांआडचा एकच नवरा
त्याने तीन माणसांत वाटला.
दोन बहिणींची केली एक.
पण एक चेहरा बरोबर धरला, एकेचाळीस वेळा.
नेहमी कडेला, अर्धा कापलेला,
हात वर, हातात दिवा,
नजर कॅमेऱ्याकडे नाहीच,
नवरीच्या गालावर उजेड नीट पडला का बघणारी.

पप्पांनी चष्मा पुसला.
"मल्लेशम. लाइट धरायचा.
शेवटी शेवटी खोकायचा फार,
पण खोकताना दिवा नाही हलला कधी."
आडनाव?
"असंल की. विचारलंच नाही मी."

मी लिहिलं: मल्लेशम.
एकेचाळीस लग्नांत
एकदम नाव आलं त्याला.

तासाभरात एक सेटिंग चुकलं.
चुकलं तर पुसायचं, त्यासाठीच तर चाचणी.
कंटेनर खाली, साठाही साफ, पुन्हा वर.
मूळ फोटो मोज्यात सुखरूप, एकही गेला नाही.
गेलं फक्त आज दुपारी लिहिलेलं.

गॅलरी कोरी.
मग हळूहळू चेहरे.
पहिला तोच, हात वर केलेला.
हे कोण?

मी बोटं ठेवली, तेवढ्यात पप्पा मागून:
"थांब. अर्धं नको लिहू.
बायको असंल त्याची नीलम नगरला, विड्या वळायची.
विचारून येतो."
डोक्याला पंचा गुंडाळून ते निघालेसुद्धा.

वीज पुन्हा गेली. माग गप्प.
बॅटरी एकोणीस टक्के,
आणि पडद्यावर तो,
दिवा धरून.